सिंगापूर पायी: पॅगोडा स्ट्रीट ते तेलोक आयेर

पहिल्यांदा सिंगापूरला गेले ती एका सहल कंपनीबरोबर. चायनाटाउनच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली. बसच्या काचेतून एक रंगीत गोपुर दाखवलं, "हे इथलं सगळ्यात जुनं हिंदू मंदिर" असं सांगितलं आणि बस भेटवस्तूंच्या दुकानांपाशी जाऊन थांबली. आत जाऊन हात जोडायलाही वेळ नव्हता. ती रुखरुख मनात बरीच वर्षं राहिली. पुढे माझी भाची नोकरीसाठी तिथे गेली, मी तिच्याकडे महिनाभर राहिले आणि त्या महिन्यात हा सगळा भाग सहा-सात वेळा पायी पालथा घातला.

त्यातून बसवलेली ही फेरी आहे. अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. रेंगाळत, बसत, खात-पीत गेलात तर चार तास लागतात. वाटेत एक हिंदू मंदिर, दोन मशिदी, एक दर्गा, एक बौद्ध मंदिर, तीन चिनी देवळं आणि एक चर्च लागतं. कुठेही तिकीट नाही.

निघण्याआधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. या फेरीच्या शेवटच्या टप्प्यात जो तेलोक आयेर रस्ता आहे, तो पूर्वी समुद्रकिनारा होता. मलाय भाषेत तेलोक म्हणजे उपसागर, आयेर म्हणजे पाणी. १८१९ मध्ये रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं वसवल्यावर चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून आणि तमिळ मुलखातून जी माणसं गलबतांनी आली, ती याच काठावर उतरली. जिवंत पोचलो म्हणून ज्याने त्याने आपापल्या देवापुढे डोकं टेकवलं, आणि जिथे टेकवलं तिथेच पुढे देऊळ, दर्गा, मशीद उभी राहिली. १८८० च्या दशकात भराव घालून समुद्र मागे हटवला. आज तिथून पाण्याचा टिपूसही दिसत नाही, उंच इमारती दिसतात. पण देवळं अजून त्या जुन्या काठावरच, समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. हे माहीत असलं की इतकी प्रार्थनास्थळं एकाच रस्त्यावर का, हा प्रश्न आपोआप सुटतो.

तयारी

सकाळी निघा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि सूर्य वर्षभर सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे साडेसात ही तिथली अगदी कोवळी वेळ. अकरानंतर हवा इतकी दमट होते की आपल्या मुंबईच्या मे महिन्याची आठवण यावी. दुपारी बऱ्याचदा गडगडाटासह पाऊस कोसळतो. या फेरीतलं हिंदू मंदिर, मरिअम्मन देवीचं, दुपारी बंद असतं, ते पुन्हा संध्याकाळीच उघडतं. मी एकदा भर एक वाजता जाऊन बंद दारापुढे उभी राहिले आहे, म्हणून हे आग्रहाने सांगते.

पायात चटकन काढता-घालता येतील अशा चपला किंवा सँडल. नाडीचे बूट घालू नका. पिशवीत पातळ मोज्यांचा एक जोड ठेवा, उन्हात तापलेल्या फरशीवर त्यांचा फार उपयोग होतो. खांदे आणि गुडघे झाकतील असे सुती कपडे घाला. बायकांनी एक मोठी ओढणी जवळ ठेवावी. मशिदीत डोक्यावरून, बाकी ठिकाणी खांद्यावरून घेता येते आणि उन्हातही कामी येते. छत्री हवीच. पाण्याची बाटली घरून भरून घ्या, तिथलं नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं.

चपलांच्या बाबतीत आपली माणसं हमखास गोंधळतात. हिंदू मंदिरात, मशिदीत आणि दर्ग्यात चपला काढायच्या. चिनी देवळात काढायच्या नाहीत. देवासमोर चपला घालून उभं राहताना मला पहिल्यांदा फार चोरट्यासारखं झालं होतं, पण तिथे तीच रीत आहे. काढून ठेवल्यात तर उलट लोक चमकून बघतील.

रस्ता ओलांडताना सिग्नलच्या खांबावरचं बटण दाबा आणि हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबा. जवळ क्रॉसिंग असताना मधूनच रस्ता ओलांडणं हा तिथे दंडाचा गुन्हा आहे. मेट्रोला तिथे सगळे एमआरटी म्हणतात. तिच्या डब्यात आणि स्टेशनात खाणं-पिणं चालत नाही, अगदी पाण्याचा घोटसुद्धा.

१. पॅगोडा स्ट्रीट: आधी रस्त्यांची नावं वाचा

एमआरटीने चायनाटाउन स्टेशनवर उतरा आणि 'ए' दाराने बाहेर या. तुम्ही थेट पॅगोडा स्ट्रीटच्या तोंडाशी येता. सकाळी दुकानं बंद असतात, त्यामुळे दुतर्फा घरांच्या रंगीत खिडक्या नीट दिसतात. खाली दुकान आणि वर घर, अशी ही 'शॉपहाउस' पद्धत. खालच्या मजल्यापुढे सलग ओसरी असते, तिला 'फाइव्ह-फूट वे' म्हणतात. उन्हापावसात माणसांना सावलीतून चालता यावं म्हणून प्रत्येक घरापुढे अशी ओसरी हवी, हा दंडक १८२२ च्या नगररचनेपासूनचा आहे. पूर्ण फेरीत जिथे मिळेल तिथे या ओसरीतूनच चाला. फक्त पायाकडे लक्ष ठेवा, कारण प्रत्येक घराची फरशी वेगळी आणि उंचीही वेगळी. मध्येच पायरी येते.

आता नावांकडे बघा. हा पॅगोडा स्ट्रीट, शेजारचा टेंपल स्ट्रीट आणि अलीकडचा मॉस्क स्ट्रीट. चिनी वस्तीतल्या या तीन रस्त्यांपैकी एकाचंही नाव चिनी देवळावरून पडलेलं नाही. पॅगोडा म्हणजे मरिअम्मनचं गोपुर, टेंपल म्हणजे तेच मंदिर आणि मॉस्क म्हणजे जामे मशीद. तिन्ही नावं दक्षिण भारतातून आलेल्या लोकांच्या वास्तूंची आहेत. नकाशात नावं वाचून पुढे जाऊ नका, ती पाटी बघत दोन मिनिटं थांबा.

२. श्री मरिअम्मन मंदिर

रस्ता संपतो तिथे उजव्या कोपऱ्यावर गोपुर. हे मंदिर १८२७ चं. नारायण पिळ्ळै नावाचे तमिळ गृहस्थ १८१९ मध्ये पेनांगहून रॅफल्सबरोबर इथे आले, त्यांनी ते उभारलं. आधी लाकूड आणि पानांनी शाकारलेलं होतं, पक्कं बांधकाम १८४३ चं. कुंपणाच्या भिंतीवर ओळीने बसलेल्या गाई दिसतील. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी गाई मोजायला लावा.

दारात आंब्याच्या पानांचं तोरण असतं. लाकडी दारावर छोट्या छोट्या घंटा जडवलेल्या आहेत. आत शिरताना त्या वाजवायच्या. आपल्याकडे एक मोठी घंटा टोलावतो, इथे तळहात फिरवला की सगळ्या एकदम किणकिणतात. तो आवाज ऐकायला मी प्रत्येक वेळी त्या दाराने गेले.

मरिअम्मन ही रोगराईपासून राखणारी देवी. आपल्याकडची गावकुसावरची मरीआई आठवा, म्हणजे समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी सगळ्यात आधी हिलाच का बोलावलं ते कळेल. नव्या दमट मुलखात देवी-पटकीची भीती कायम होती. बोटीवरून उतरलेल्या, ठावठिकाणा नसलेल्या माणसांना हे मंदिर सुरुवातीच्या काळात आसराही देत असे. इंग्रजी अमलात हिंदू लग्नं लावण्याची आणि त्यांची नोंद करण्याची परवानगीही याच मंदिराला होती.

आत द्रौपदीचं स्थान आहे, ते चुकवू नका. दिवाळीच्या सुमारे आठवडाभर आधी इथे तीमिती होते, म्हणजे निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी. तो द्रौपदीच्या नावाने असतो. भक्तांची मिरवणूक लिटल इंडियातल्या श्रीनिवास पेरुमाळ मंदिरातून निघून चालत इथे येते. त्या दिवसांत गेलात तर गर्दीची तयारी ठेवा.

पूजा चालू असेल तर फोटो काढू नका. गाभाऱ्याचा तर कधीच नको. दर्शन घ्या, एका बाजूला बसा. नादस्वरम, म्हणजे सनईसारखं वाद्य, सुरू झालं की बाहेरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येईनासा होतो.

३. जामे मशीद: वाकडी का दिसते?

मंदिरातून बाहेर पडून डावीकडे शंभर-दीडशे पावलं. फिकट हिरव्या रंगाचे दोन अष्टकोनी मिनार आणि त्यांच्या मध्ये खेळण्यातल्या महालासारखी, इवल्या दारांची आणि खिडक्यांची दर्शनी भिंत. ही मशीद चुलियांची. चुलिया म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेले तमिळ मुसलमान, व्यापारी आणि सराफ. मशिदीची स्थापना १८२६ ची, आजची वास्तू १८३० ते १८३५ मधली.

फाटकात उभं राहून आत नीट बघा. फाटक रस्त्याला समांतर आहे, पण आतला नमाजाचा दालनखंड तिरका बसलेला आहे. रस्ता शहराच्या आखणीने गेला, प्रार्थनेची दिशा मक्केकडे गेली. त्या दोन दिशांमधला कोन तुम्हाला जमिनीवर दिसतो. एकदा दिसला की प्रत्येक मशिदीत तो शोधायची सवय लागते.

आत जायचं असेल तर नमाजाच्या वेळा सोडून जा आणि शुक्रवारी दुपारी तर नकोच. पाहुण्यांच्या वेळा दाराशी लिहिलेल्या असतात. कपडे अपुरे असतील तर अंगावर घ्यायला लांब झगा देतात. नमाजाच्या मुख्य जागेत पाय ठेवण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. हसून "सलाम" म्हणालात की पुढचं सगळं सोपं होतं. मला एका आजोबांनी आपणहून सावलीतली जागा दाखवून बसवलं होतं.

४. दंतधातू मंदिर आणि नाश्ता

आता आलेल्या वाटेने मागे फिरून साउथ ब्रिज रोडने सरळ चाला. टेंपल स्ट्रीट ओलांडला की पुढे तांबडं, पांढरं, कैक मजल्यांचं बुद्ध दंतधातू मंदिर दिसतं. दंतधातू म्हणजे पवित्र अवशेष मानलेला बुद्धाचा दात. हे जुनं नाही, २००७ मध्ये उघडलं. चीनच्या थांग राजवटीच्या शैलीत बांधलं आहे. चौथ्या मजल्यावर बुद्धाचा दंतधातू ज्या स्तूपात ठेवला आहे, त्या स्तूपाला ३२० किलो सोनं लागलं आणि त्यातलं बरंचसं भक्तांनी दिलेलं आहे. तिथे फोटो काढता येत नाहीत, ते बरंच आहे. माणसं तिथे गुपचूप बसून असतात.

वेळ कमी असेल तर मधले मजले सोडून गच्चीवर जा. तिथे ऑर्किडची बाग आणि मोठं प्रार्थनाचक्र आहे. चक्र फिरवताना नेहमी उजवीकडून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चाला.

मंदिरालगतच्या गल्लीचं नाव सागो स्ट्रीट. सागो म्हणजे साबुदाणा. एकोणिसाव्या शतकात इथे साबुदाण्याच्या पिठाचे कारखाने होते. त्यांचा साबुदाणा ताडासारख्या एका झाडाच्या खोडातल्या गराचा, आपला उपासाचा टॅपिओकाच्या कंदाचा. पण उपासाच्या दिवशी त्या गल्लीत उभं राहून मला जे वाटलं, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

नाश्त्यासाठी समोरच मॅक्सवेल फूड सेंटर आहे. एका छपराखाली खाण्याच्या शंभराच्या आसपास गाड्या, म्हणजे तिथल्या भाषेत हॉकर सेंटर. ही हॉकर संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. शाकाहारी असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. टोस्टवर लावतात त्या 'काया' जॅममध्ये अंडं असतं. भाजीच्या पदार्थात सुकट घालून वाटलेला मसाला किंवा माशाचा सॉस बेमालूम असू शकतो, म्हणून "नो फिश, नो प्रॉन, नो एग" असं एकेक नाव घेऊन विचारा, नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. आणि खात्रीचं हवं असेल तर दंतधातू मंदिराच्या तळघरात शाकाहारी भोजनगृह आहे, तिथे जा.

चहा मागायची भाषा शिकून घ्या, मजा येते. नुसतं 'तेह' म्हणालात तर आटवलेल्या गोड दुधाचा चहा. 'तेह ओ' म्हणजे बिनदुधाचा, साखर घातलेला. 'तेह ओ कोसोंग' म्हणजे दूधही नाही, साखरही नाही. 'तेह हालिया' म्हणजे आल्याचा. आपल्या माणसांना तोच लागतो.

५. टेकडी ओलांडून

इथून खाली समुद्राकडे, म्हणजे पूर्वीच्या समुद्राकडे, जायला मोठ्या रस्त्याने वळसा घालू नका. मध्ये ॲन सिआंग हिल ही छोटीशी टेकडी आहे. एके काळी इथे जायफळ-लवंगांच्या बागा होत्या. आता जुनी घरं, कॅफे आणि झाडीतून जाणाऱ्या पायऱ्यांची बाग आहे. नकाशात "ॲन सिआंग हिल पार्क" टाका. चढ दमवणारा नाही. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या उतरताना कठड्याला धरा, पावसानंतर निसरड्या असतात.

पायथ्याजवळच्या एका गल्लीचं नाव आहे कडयनल्लूर स्ट्रीट. कडयनल्लूर हे तमिळनाडूतलं तिरुनेलवेलीकडचं गाव. कोणी तरी आपलं गाव सोबत घेऊन आलं होतं.

पायऱ्या उतरलात की अमोय स्ट्रीट. या रस्त्यावर, तियान हॉक केंग मंदिराच्या मागच्या भिंतीवर, ४४ मीटर लांबीचं भित्तिचित्र आहे. यिप यू चाँग या चित्रकाराने त्यात चीनच्या फुकियन प्रांतातून निघालेल्या माणसांची कहाणी रंगवली आहे. गलबतं, बंदरावरचे हमाल, बाजार, घरं. मंदिर आधी मागून भेटतं, हे मला फार आवडलं. चित्र बघितलं की पुढचं देऊळ कोणासाठी आहे ते कळतं.

मग अमोय स्ट्रीटने दक्षिणेकडे शेवटपर्यंत जा, डावीकडे वळा. तुम्ही तेलोक आयेर स्ट्रीटच्या टोकाशी आलात.

६. तेलोक आयेर: काठावरून चालताना

इथून उत्तरेकडे चालायचं आहे. आधी एक खेळ करा. रस्त्याच्या दोन्ही बाजू बघा. दर्गा, मशीद, चिनी देवळं सगळी तुमच्या डाव्या हाताला, जमिनीच्या बाजूला. उजवा हात म्हणजे पूर्वीचं पाणी.

उजव्या हाताला एकच मोठी धार्मिक वास्तू आहे आणि ती सगळ्यात नवी आहे. तेलोक आयेर चायनीज मेथडिस्ट चर्च. त्याची पायाभरणी १९२४ मध्ये झाली, म्हणजे समुद्र हटवून झाल्यावर. ते भरावावर उभं आहे. भिंती आणि खिडक्या युरोपीय धाटणीच्या, आणि गच्चीवर चक्क चिनी छपराचा मंडप. १९४२ मध्ये जपानी बॉम्ब पडत होते तेव्हा आसपासच्या शेकडो लोकांनी इथे आसरा घेतला होता. आत प्रार्थना चालू नसेल तर डोकावून या.

थोडं पुढे डावीकडे अल-अब्रार मशीद. तमिळमध्ये तिला 'कुच्चू पळ्ळी' म्हणत, म्हणजे झोपडीतली मशीद. १८२७ मध्ये ती खरोखरच झोपडी होती. पक्की वास्तू १८५० ते १८५५ मधली. घरांच्या रांगेत ती इतकी मुकाट उभी आहे की बोलत चाललात तर मागे राहून जाईल.

त्यानंतर तियान हॉक केंग. इथे घाई करू नका. अर्धा तास तरी द्या.

बांधकाम १८३९ ते १८४२. एकही खिळा न वापरता लाकडात लाकूड अडकवून उभं केलं आहे. देवी आहे माझू, समुद्रावर राखण करणारी. तिची मूर्ती १८४० मध्ये चीनहून आली. वर्गणीदारांत तान तोक सेंग हे मोठं नाव होतं. त्यांच्याच नावाचं रुग्णालय आजही सिंगापुरात आहे. १९०७ मध्ये चीनच्या ग्वांगशू सम्राटाने स्वतःच्या अक्षरातला लेख पाठवला. त्यातल्या चार अक्षरांचा अर्थ दक्षिणेच्या समुद्रावर लाटा शांत, असा आहे. आज समुद्र पार दूर गेला आहे, पण देवीसमोर तेच मागणं लिहिलेलं आहे.

दारात उंच उंबरा आहे. त्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचं. आपल्या घरच्या उंबऱ्याचीच रीत, त्यामुळे सांगावं लागत नाही. आत जाताना उजव्या दाराने आणि बाहेर येताना डाव्या दाराने, असा क्रम पाळा. दिशा देवाच्या बाजूने धरायच्या की आपल्या, असा घोळ झाला तर पुढच्या माणसाच्या मागून जा.

आत गेल्यावर वर बघा. तुळयांवर सोनेरी नक्षी, कोपऱ्यांत छताचा भार डोक्यावर घेतलेली छोटी माणसं, छपराच्या कण्यावर चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेले ड्रॅगन. मग खाली, माणसांकडे बघा. मी एका सकाळी तिथे बाकावर बसले होते. सत्तरीच्या एक बाई आल्या. भाजीची पिशवी खांबाला टेकवून ठेवली, उदबत्त्या कपाळाला लावल्या. मग दोन लाल लाकडी तुकडे घेतले, चंद्रकोरीच्या आकाराचे, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. ओंजळीत धरून पुटपुटल्या आणि फरशीवर टाकले. टक्, टक्. दोन्ही सपाट बाजूवर पडले. त्यांनी उचलले, पुन्हा विचारलं, पुन्हा टाकले. या वेळी एक सपाट, एक फुगीर. बाईंनी मान डोलावली, तुकडे जागेवर ठेवले, पिशवी उचलली आणि गेल्या.

एक सपाट आणि एक फुगीर म्हणजे होकार. कोकणात देवाला कौल लावतात, उजवी पाकळी पडते की डावी हे श्वास रोखून बघतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या बाईंचं मान डोलावणं ओळखीचं वाटेल. मला माझ्या आजोळचा गाभारा आठवला. असं कोणी विचारत असेल तर कॅमेरा खाली ठेवा आणि समोर जाऊन उभे राहू नका.

कौलाचा दुसरा प्रकार, बांबूच्या नळीतून आकडे लिहिलेल्या काड्या खुळखुळवून एक बाहेर पाडणे, बघायचा असेल तर दुसऱ्या एखाद्या सकाळी वॉटर्लू स्ट्रीटवर जा. तिथे क्वान इम देवीचं मंदिर आणि श्रीकृष्ण मंदिर एकाच रस्त्यावर जवळजवळ खेटून आहेत. चिनी बायका क्वान इमला हात जोडून झाले की कृष्णाच्या दारापुढच्या पात्रातही उदबत्ती खोचतात, मग कामाला जातात. त्याच रस्त्यावर १८७८ चं ज्यू लोकांचं प्रार्थनागृह आहे.

तियान हॉक केंगच्या पुढे छोटी बाग लागते, बसायला बाक आहेत. पाणी प्या. पलीकडे पांढरा नागोर दर्गा.

हा दर्गा १८२८ ते १८३० मधला. यात कबर नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागोर गावात शाहुल हमीद या सूफी संतांचा मोठा दर्गा आहे, त्याची आठवण म्हणून चुलियांनी ही वास्तू बांधली. खाली युरोपीय खांब आणि कमानी, वर जाळीदार कठडे आणि कोपऱ्यांना मिनार. आता इथे भारतीय मुसलमानांच्या वारशाचं संग्रहालय केलेलं आहे.

मराठी माणसाने इथे थांबायलाच हवं. मूळ नागोरच्या दर्ग्याला पाच मिनार आहेत. त्यातला सगळ्यात उंच, १३१ फुटी मिनार बांधून दिला तो तंजावरच्या प्रतापसिंह भोसले राजांनी, अठराव्या शतकात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशातले हे राजे. त्या मिनाराची सावली ज्यांच्या अंगणात पडत होती, तीच माणसं गलबतात बसून इथे आली आणि आठवणीने मिनार बांधले. सहल कंपनीच्या बसमधून हा दर्गा मला कोणी दाखवला नव्हता. भाचीला मी त्या भिंतीपाशी ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती तीन वर्षं रोज याच रस्त्याने ऑफिसला जात होती.

७. शेवटचा थांबा

आता क्रॉस स्ट्रीट ओलांडा. तेलोक आयेर एमआरटी स्टेशन इथेच आहे, पण अजून खाली उतरू नका. पायात जोर असेल तर आधी दोन-तीनशे मीटर पुढे फिलिप स्ट्रीटवर जाऊन या. तिथे युए हाय चिंग हे तिओच्यू या चिनी समाजाचं जुळं देऊळ आहे, एका भागात माझू आणि दुसऱ्यात शुआन तियान शांग ती हा देव. बँकांच्या इमारतींच्या मधोमध एक मोकळं अंगण, वर लटकणारी उदबत्तीची मोठमोठी वेटोळी आणि छपरावर बोटभर उंचीच्या माणसांची आख्खी गावं. मान दुखेपर्यंत वर बघावं असं छप्पर आहे.

परत येऊन तेलोक आयेर स्ट्रीटवरचं ७६ क्रमांकाचं फुक ताक ची गाठा. १८२४ मध्ये हाक्का आणि कँटनी या चिनी समाजांच्या लोकांनी भूमीच्या देवासाठी बांधलेलं हे देऊळ आता छोटं संग्रहालय झालं आहे. ते सकाळी जरा उशिरा उघडतं, पण या क्रमाने आलात तर उघडं सापडतं. आत काचेखाली एक देखावा मांडला आहे, एकोणिसाव्या शतकातला तेलोक आयेर. बोटाच्या पेराएवढी माणसं पाठीवर ओझी घेऊन चालली आहेत. ओळीने घरं आहेत. त्यात तुम्ही आत्ताच बघून आलेलं तियान हॉक केंग शोधा, मग दर्ग्याचे मिनार शोधा. सापडले की त्यांच्यापुढे बोट न्या. दारापासून चार पावलांवर वाळू, वाळूला लागून निळं पाणी आणि पाण्यात नांगरलेल्या होड्या.

मी तिथे गेले की बराच वेळ वाकून उभी राहते. मग बाहेर येऊन दारात थांबते, चपलेचा पट्टा सारखा करते आणि समोरच्या बाजूला, जिथे पाणी होतं तिथे, सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत उभी असलेली ऑफिसची माणसं बघते.